वळायला जागा

शरणपूर रोडवर चोरडियांच्या ऑफिसला तीन पायऱ्या.
समुद्र विकणारा मुलगा त्या उतरून खाली आला,
माझ्यापाशी, फुटपाथवर,
बगलेत जहाजाचे नकाशे घेऊन.
शेजारी रसवंतीची घुंगरं वाजत होती,
म्हणून वाकून, जरा मोठ्यानंच म्हणाला,
मॅडम, लिफ्ट आहे, सगळं आहे, काळजीच सोडा.
मी विचारलं, बाथरूमचं दार किती सेंटिमीटर?

तो फोन करायला पायऱ्या चढून गेला.

मापं घेणं माझ्या स्वभावात नव्हतं.
अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मार्चनंतर ते आलं.
आता लग्नाची पत्रिका हातात पडली
की मुहूर्ताआधी मी कार्यालयाचा जिना विचारते.
माझी खुर्ची चौसष्ट.
कोपरं धरून एकाहत्तर.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोनच खोल्या शिल्लक.
एक बाल्कनीची, दाराला दोन इंची उंबरा,
छोटासाच असतो मॅडम, लाट आत येऊ नये म्हणून.
दुसरी पोटातली. खिडकी नाही, उंबरा नाही,
मधोमध दीड मीटरचा मोकळा गोल.
समुद्र हवा की वळायला जागा
असं कुणी सरळ विचारलं नाही.
दरपत्रकात होतं ते.

दिगंबर तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
शाई केसभर सरकली तर अख्खा ताव बाद करणारा माणूस.
रविवारी त्यानं आमच्या पार्किंगमध्ये खडूनं
दोन्ही खोल्या आखल्या, मापात.
पलंग, कपाट, कमोड, धरायची दांडी.
गांगुर्डे वॉचमननं दोन स्कूटी हलवून दिल्या,
उंबऱ्याच्या जागी फरशीचा तुकडा लावला.

आधी बाल्कनीवाली.
पलंग आणि भिंत यांच्यामध्ये मी अडकले.
आलीस तशीच परत जा, उलटी, न बघता.
पुढची चाकं फरशीला थडकली.
दिगंबर म्हणाला, मी आहे ना उचलायला.
तो आहे.
अडुसष्टाचा आहे, त्याची कंबरही आहे.
रात्री दोन वाजता मला समुद्र बघावासा वाटला
आणि त्याला उठवून बघितला,
तर तो त्याच्या झोपेतून उसना घेतलेला समुद्र.

गंगेवर मी शेवटची गेले ती होळकर पुलापर्यंत.
गाडीची काच खाली करून घाट पाहिला.
माणसं खाली उतरत होती, ओली होऊन वर येत होती,
एक बाई पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकून
पायऱ्या चढताना दम खात थांबली,
आणि मला तिच्या दमाचा हेवा वाटला.
आमच्या गावाला नदी आहे.
मला ती पेपरात वाचल्यासारखी आहे.

मग पोटातली.
रेघ ओलांडली, काहीच आपटलं नाही.
एक गिरकी घेतली. मग उगाच दुसरी.
खडू चाकांना लागला, पलंग अर्धा पुसला गेला,
दिगंबर ओरडला, अगं हळू, आपण झोपायचं कुठं!
गांगुर्डेनं विचारलं, खिडकी कुठंय, ताई?
म्हटलं, वरती, डेकवर.
तिथवर माझी मी जाईन.

फॉर्मवर छापलं होतं, सुलभ केबिन.
माझं नाव सुलभा म्हणून चोरडियांचा मुलगा हसला.
त्याचं हसू ओसरेपर्यंत
दिगंबरनं पेनाचं टोपण काढलं नाही.
मग मुलगा म्हणाला, एक सांगायचं राहिलं,
एका बेटाशी जहाज लागत नाही,
छोट्या होडीतून नेतात, खुर्ची घेत नाहीत.
ठीक आहे, म्हटलं. त्या दिवशी सगळे गेल्यावर
रिकामं जहाज कसं दिसतं ते बघेन.
दिगंबरला जायचं असेल तर त्यानं जावं.
तो काही बोलला नाही. पैसे मोजत होता,
प्रत्येक नोट सवयीनं उजेडाकडे धरून.

सोमवारी सकाळी माझ्या केबिनमध्ये
भामऱ्यांची स्विफ्ट उभी होती,
मागचं चाक बरोबर उशीवर.
गांगुर्डे शिट्टी मारायला निघाला.
मी म्हटलं, राहू दे.
नोव्हेंबरपर्यंत राहू दे.